साताऱ्याहून विनंती: एल्ड्रिजच्या पाण्यात राहिलेली गाडी

सातारा, ९ सप्टेंबर २०१७

ह्यूस्टनच्या आपल्या मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अजून चिखल आहे आणि कित्येक कुटुंबे स्नेह्यांकडे किंवा हॉटेलांत दिवस काढत आहेत, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी एका जुन्या गाडीसाठी सर्वांना पत्र लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. तरीही लिहितो आहे, कारण जे काम करायचे आहे ते इथून करता येत नाही आणि त्याला फार वेळ उरलेला नाही.

वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यामुळे मी ऑगस्टच्या आरंभी इकडे आलो. गणेश चतुर्थी २५ तारखेला होती आणि त्याच रात्री हार्वे वादळ रॉकपोर्टजवळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले. रविवारी ह्यूस्टनमधील एल्ड्रिज पार्कवे या रस्त्याजवळच्या आमच्या संकुलातील शेजाऱ्यांनी कळवले, की बाहेर रस्ते भरले असले तरी पार्किंगमध्ये पाणी आलेले नाही, तेव्हा आम्ही देवापुढे हात जोडले. त्यानंतर सोमवारी पहाटे ॲडिक्स आणि बार्कर या दोन्ही धरणांतून शहरातून वाहणाऱ्या बफेलो बायू या संथ नदीमध्ये पाणी सोडण्यास सुरुवात झाली, आणि जी गाडी एवढ्या पावसातून वाचली होती ती धरणाच्या पाण्यात गेली. मंगळवारी इथल्या दूरदर्शन संचावर मुंबईतील पूर दिसत होता, आणि माझ्या फोनवर शेजाऱ्यांनी गॅलरीतून काढलेले छायाचित्र होते, ज्यात आमच्या गाडीचे फक्त छप्पर पाण्याबाहेर दिसत होते.

ही गाडी म्हणजे १९९९ ची टोयोटा कॅमरी. अमेरिकेत आल्यावर घेतलेली ती आमची पहिली गाडी, जुनीच घेतलेली. पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेवली गेली आणि त्या दिवसापासून ती घरातलीच झाली. मुलीला रुग्णालयातून घरी आणले ते याच गाडीतून. पुढे दुसरी, नवी गाडी आली तेव्हाही हिला काढून टाकण्याचा विषय घरात कोणी काढला नाही.

वडील तीन वेळा आमच्याकडे राहून गेले. ते सिंचन खात्यात होते आणि नकाशा वाचणे हा त्यांचा आयुष्यभराचा आनंद आहे. ह्यूस्टनचे जुने रहिवासी ज्या ‘की मॅप’च्या जाडजूड पुस्तकावर शहर शिकले, ते पुस्तक मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसत, आणि फोन रस्ता दाखवू लागल्यानंतरही त्यांनी ते सोडले नाही. बायू कुठून कुठे वाहतो, कोणत्या भागातले पाणी कुठे उतरते, याच्या खुणा त्यांनी निळ्या पेन्सिलीने, मराठीत, पानापानावर केल्या आहेत. ते पुस्तक गाडीतच, पुढच्या आसनामागच्या कप्प्यात आहे. वडिलांची वाचा अजून पूर्ण परतलेली नाही. परंतु शहराचे नाव निघाले की ते हाताने पान उलटल्यासारखे करतात, आणि आम्हाला त्याचा अर्थ कळतो.

पाणी आता ओसरत असून गाड्या ओढून नेण्यास लवकरच सुरुवात होईल, असे संकुलाच्या कार्यालयाने कळवले आहे. वडिलांना सोडून मला इतक्यात निघता येणार नाही. कोणी जाऊन गाडी एकदा पाहील का, आणि ते पुस्तक ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत काढून घेईल का, एवढीच विनंती आहे. दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे आहे.

आपला,
एल्ड्रिज पार्कवेजवळचा एक सभासद

शुगरलँड, १० सप्टेंबर २०१७

सप्रेम नमस्कार.

दादा, मी विमा क्षेत्रात काम करते, म्हणून भावनेआधी कामाचे लिहिते. त्याबद्दल राग मानू नये. हे मंडळाच्या पत्रयादीवरील इतरांनाही उपयोगी पडेल.

घराच्या पुराचा विमा आणि गाडीचा विमा यांचा एकमेकांशी संबंध नसतो. गाडीच्या पॉलिसीत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भाग असेल, तर पुराचे नुकसान त्यातून मिळते, मग ते पाणी आकाशातून आलेले असो वा धरणातून. केवळ ‘लायबिलिटी’, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा भाग, असेल तर विमा कंपनीकडून स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांवर पुष्कळ जण तेवढेच ठेवतात. म्हणून पहिल्यांदा पॉलिसीचे ते पान पाहा. दावा भारतातून फोनवरही नोंदवता येतो आणि तो आजच नोंदवावा, कारण हजारो दावे रांगेत आहेत.

छपरापर्यंत बुडालेली गाडी दुरुस्त होईल, ही आशा कृपया धरू नका. एअरबॅगचे आणि इंजिनाचे नियंत्रण करणारे भाग आसनांखाली आणि डॅशबोर्डच्या मागे असतात. चिखलाचे पाणी एकदा त्यांत शिरले की आज चालू वाटलेली गाडी काही महिन्यांनी कुठेही दगा देऊ शकते. जो कोणी पाहायला जाईल त्याने किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असले तर ते दाबले जात नाही आणि आतले दांडे वाकतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत ज्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या, त्यांच्यापैकी कित्येकांना हा धडा गॅरेजमध्ये मिळाला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतल्या वस्तू. गाडी एकदा ओढून नेली, की ती शेकडो गाड्यांच्या रांगेत एखाद्या मैदानावर जाऊन उभी राहते. अशा गाड्यांसाठी मोटारशर्यतींची मैदानेसुद्धा भाड्याने घेतली जात आहेत. तिथे जाऊन आपली गाडी शोधणे आणि आतले काही मिळवणे फार कठीण असते. म्हणून नकाशाचे पुस्तक तर काढावेच, पण त्याबरोबर दोन्ही नंबरप्लेट, काचेवरचा नोंदणीचा स्टिकर, टोल टॅग आणि गॅरेजचा रिमोट हेही काढून घ्यावे. चारही बाजूंनी छायाचित्रे, आत पाणी किती उंचीवर होते ती रेघ आणि मीटरवरचा आकडा यांची छायाचित्रे घ्यावीत. मालक परदेशात असल्यास टेक्सासच्या मोटार वाहन विभागाचा मुखत्यारपत्राचा अर्ज आहे, व्हीटीआर २७१ या क्रमांकाचा. तो भरून पाठवल्यास तुमच्या वतीने दुसरे कोणी गाडीचे हस्तांतर करू शकते.

कंपनी जी रक्कम देऊ करील ती बाजारभावावर ठरते. एवढ्या जुन्या गाडीची ती फार नसेल, आणि तुमच्या पत्रात जे लिहिले आहे ते तर तिच्या कोणत्याच रकान्यात बसणार नाही. हे माझे रोजचे काम असूनही ते मला प्रत्येक वेळी लागते.

आपली,
शुगरलँडची एक भगिनी

ह्यूस्टन, १६ सप्टेंबर २०१७

प्रिय बंधू, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचल्यावर मी शेजाऱ्यांशी फोनवर बोललो, आणि रस्ता खुला झाल्यावर आज सकाळी मुलाला बरोबर घेऊन जाऊन आलो. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो, कारण तुम्हाला स्वतःला ते पाहता येत नाही आणि सौम्य करून सांगितलेले तुम्हाला पटणार नाही.

गाडी तुमच्याच जागेवर आहे, फक्त मागची बाजू कुंपणाकडे सरकली आहे. बाहेरून ती फुटलेली किंवा चेपलेली नाही. काचेवर आतून, आरशाच्या वर, चिखलाची सरळ रेघ आहे. दार उघडताच वास अंगावर आला. आसनांवर काळी-हिरवी बुरशी धरली आहे आणि पायाखालच्या गालिच्यावर बोटभर गाळ बसला आहे. डॅशबोर्डवरचे गणपती जागेवर होते. ते मी काढून घेतले आणि घरी स्वच्छ पाण्याने धुऊन देवघरात ठेवले आहेत. दोन्ही नंबरप्लेट, स्टिकर, टोल टॅग आणि कप्प्यातील कागद काढले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्व छायाचित्रे घेतली आहेत, ती वेगळी पाठवतो. इंजिनाला हात लावला नाही.

आता पुस्तकाबद्दल. ते कप्प्यात होते, फुगून तिथेच अडकले होते, म्हणून मुलाने कप्प्याचे कापड कापून ते अखंड बाहेर काढले. पाने एकमेकांना चिकटली आहेत. ती सोडवण्याचा मोह मी आवरला. ॲलिसन वादळाच्या वेळी, जून २००१ मध्ये, आमच्या घरातली पोथी आणि जुने फोटो असेच भिजले होते, तेव्हा ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईंनी सांगितले होते, की भिजलेला कागद लगेच सुटा करता येत नसेल तर तो गोठवून ठेवावा, म्हणजे बुरशी वाढत नाही आणि पुढे सवडीने, थोडा थोडा करून तो वाळवता येतो. त्याप्रमाणे पुस्तक पिशवीत घालून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवले आहे. कडेची काही पाने आपोआप उघडी होती. त्यांवर निळ्या खुणा स्पष्ट आहेत. पेन्सिल होती हे चांगले झाले, शाई असती तर राहिली नसती. त्यांतील एका पानावर बार्कर धरणाच्या जवळ ‘भिंतीपलीकडेही घरे!’ असे लिहिले आहे. तुमच्या वडिलांच्या नजरेला मी मनापासून नमस्कार करतो. धरणांच्या बुडीत क्षेत्रात घरे उभी राहिली, हे या शहरात राहूनही आमच्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आले नव्हते.

सोमवारी गाडी ओढून नेणार आहेत, असे कार्यालयाने सांगितले. मी त्या वेळी तिथे हजर राहीन. इतकी वर्षे घरच्यासारखी राहिलेली गाडी अनोळखी माणसांच्याच हाती निघून जावी, हे मला बरे वाटत नाही.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

सातारा, १७ सप्टेंबर २०१७

आदरणीय काका आणि ताई, सादर नमस्कार.

उघड्या पानांची छायाचित्रे आज सकाळी वडिलांना दाखवली. बार्करच्या पानावर त्यांनी बराच वेळ बोट ठेवले आणि नंतर उजव्या हाताने, जो अजून नीट चालत नाही, पेन्सिल मागितली. कागदावर उमटले ते वाचता येण्यासारखे नाही. परंतु पेन्सिल मागितली ती त्यांनी स्वतःहून, आणि आजारपणानंतर प्रथमच. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या ताईंनी आता व्यायामासाठी नकाशेच द्यायला सांगितले आहेत, म्हणून सातारा जिल्ह्याचा एक मोठा नकाशा आणला आहे.

पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह भाग होता आणि दावा नोंदवला गेला आहे. मुखत्यारपत्रावर सही करून ते उद्या कुरियरने काकांच्या पत्त्यावर पाठवतो. नंबरप्लेट आणि पुस्तक मी परत येईपर्यंत तुमच्याकडेच असू द्यावे. पाने वाळवण्याचे काम मी आल्यावर आपण मिळून करू. काका, सोमवारी गाडी निघेल तेव्हा शक्य झाल्यास एक छायाचित्र काढावे. माझ्या मुलीने ते मागितले आहे.

डॅलस आणि ऑस्टिनकडे ज्यांचे आप्त सध्या जुनी गाडी शोधत असतील, त्यांना एक विनंती करतो. अशा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरांत आणि राज्यांत विकायला येतात. घेण्यापूर्वी गाडीचा ‘व्हिन’, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, राष्ट्रीय विमा गुन्हे ब्यूरोच्या संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येतो. तो तपासावा, आणि शिवाय आसनांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून त्यांवर चिखलाची रेघ आहे का तेही पाहावे.

आपला,
एल्ड्रिज पार्कवेजवळचा सभासद