फसलेला, पडलेला की डावा?

प्रश्न: ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'बॉर्न अगेन'वर (१९८३) लिहितोय. डीप पर्पल या रॉक बँडचा गायक इयन गिलन सॅबथसाठी गायला तो हा एकच अल्बम. काहींचा जीव की प्राण, बाकीचे नाव काढताच नाक मुरडतात. अशा अल्बमला काय म्हणावं? 'वादग्रस्त' लिहिलं, तर प्रकरण कोर्टात गेल्यासारखं वाटतंय.

— 'पडलेला' म्हणा की सरळ. सिनेमा पडतो, नाटक पडतं.

— नाही हो, पडणं हे गल्ल्याचं माप. 'बॉर्न अगेन' ब्रिटनमध्ये ४ थ्या क्रमांकावर पोचला होता. १९७३नंतर सॅबथला तिथे इतकं वर जाता आलं नव्हतं. पडलेला हवा तर किस या अमेरिकन रॉक बँडचा १९८१चा 'म्युझिक फ्रॉम द एल्डर' घ्या. निर्माता बॉब एझरिन, गाणी लिहायला लू रीड, वर वाद्यवृंद. तरी अमेरिकेत ७५व्या क्रमांकापुढे सरकला नाही आणि दौराही निघाला नाही.

— मग 'फसलेला'?

— फसतो तो बेत. इथे नक्की काय फसलं ते आधी सांगा. मिक्सिंग फसलं, हे मान्य: सगळा आवाज गढूळ, बेस अंगावर येतो, गिटारची धार बुजते. पण गिटारवादक टोनी आयोमीचे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे? गिलनच्या किंकाळ्या? त्या गढूळपणातूनही अंगावर काटा आणतात. म्हणून 'फसलेला अल्बम' लिहू नका, 'मिक्सिंग फसलं' लिहा. दौऱ्यावर नेलेला स्टोनहेंजचा देखावा इतका अवाढव्य झाला की कित्येक सभागृहांत मावेना. तोही फसलेला बेतच, पण तो अल्बमच्या माथी मारायचं कारण नाही.

— 'डावा' कसा वाटतो? सॅबथच्याच आधीच्या 'हेवन अँड हेल'पुढे डावा.

— 'पुढे' असेल तर उत्तम. नुसतं 'डावा अल्बम' लिहिलंत तर वाचक लाल बावटा शोधेल.

— 'दुमत' आहे की. फक्त आपल्याला 'यात दुमत नाही' एवढंच ऐकायची सवय. 'दुमत आहे' चूक नाही, जरा अडखळतं इतकंच.

प्रश्नकर्ता: मग असं लिहू का, 'ज्या अल्बममुळे चाहत्यांत दोन तट पडले'?

— 'अल्बममुळे' नको, 'अल्बमवरून' करा. तट आधीपासूनच होते, सॅबथच्या आधीच्या दोन गायकांचे: ऑझीवाले आणि डिओवाले.