अनुभव धागा: लाडका खेळाडू कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे जातो तेव्हा

पोर्तुगीज फुटबॉलपटू लुईश फिगो २४ जुलै २००० रोजी बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदचा झाला. त्यावर ‘पैशासाठी गद्दारी केली’ एवढं म्हटलं की बहुतेक चर्चा संपते. इथे त्याच्या पुढचं हवं आहे. करार कसा तुटला, पैसा कोणत्या वाटेनं गेला, प्रेक्षकांनी नेमकं काय केलं, त्यातलं काय लागू पडलं आणि काय स्वतःच्याच क्लबवर उलटलं, हे बारकाईनं पाहिलेल्यांनी लिहावं. दुसऱ्या देशांतली आणि आपल्याकडची उदाहरणंही चालतील. आपण कुठे बसून मॅच पाहिली ते नको, तपशील द्या.

कलम सोळा

सुरुवात कायद्यापासून, कारण ‘क्लबनं त्याला विकलं कशाला?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. बार्सिलोनानं फिगोला विकलं नाही.

स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीसाठी १९८५ चा १००६ क्रमांकाचा राजहुकूम आहे. त्याच्या कलम १६ नुसार खेळाडू मुदतीआधी स्वतःहून करार मोडू शकतो, मात्र क्लबला भरपाई द्यावी लागते. ही भरपाई नंतर कोर्टात ठरवत बसण्यापेक्षा क्लब आकडा आधीच करारात लिहून ठेवतात. तोच रिलीज क्लॉज. फिगोचा आकडा होता १,००० कोटी पेसेटा (स्पेनचं जुनं चलन). एका युरोला १६६.३८६ पेसेटा या दरानं ते सहा कोटी युरोंच्या किंचित वर जातात. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. त्याच जुलैमध्ये इटलीच्या लाझिओ क्लबनं क्रेस्पो या खेळाडूसाठी केलेला विक्रम महिनाभरही टिकला नाही.

व्यवहार असा होतो: घेणारा क्लब रक्कम उभी करतो, खेळाडूच्या बाजूनं ती लीगच्या कार्यालयात जमा होते, लीग जुन्या क्लबला कळवते, करार संपतो. जुन्या क्लबच्या सहीची गरज नसते. लीगनं पैसे घ्यायला नकार दिला तरी वाट बंद होत नाही. २०१७ मध्ये बार्सिलोना सोडणाऱ्या नेमारच्या २२.२ कोटी युरोंच्या वेळी तसंच झालं. लीगनं रक्कम परत पाठवली, तेव्हा वकिलांनी थेट बार्सिलोनाच्या कार्यालयात जाऊन ती भरली.

चूक होते ती आकडा लिहिताना. सहीच्या दिवशी अवाढव्य वाटणारी रक्कम बाजार चढला की दोन-तीन वर्षांत आवाक्यात येते. खेळाडू फॉर्मात आला की लगेच करार नव्यानं करून आकडा वाढवायचा असतो. तिथे बार्सिलोना मागे पडलं.

सभासद मतदार

वरच्यात निवडणुकीची भर घालतो. हे दोन्ही क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत आणि अध्यक्ष मतदानानं ठरतो. माद्रिदचे तेव्हाचे अध्यक्ष लोरेन्झो सान्झ यांच्या काळात १९९८ आणि २००० असे दोन युरोपियन चषक आले होते, दुसरा तर निवडणुकीच्या दोनच महिने आधी. तरीही फ्लोरेंतिनो पेरेझ जिंकले. त्यांनी फिगोच्या एजंटकडून आधीच करारनामा करून घेतला होता. फिगोच्या बाजूनं माघार घेतली तर भरभक्कम दंड होता. सभासदांना त्यांचं वचन होतं की फिगो आला नाही तर सीझन तिकिटाचे पैसे मी भरेन.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एजंटनं सही केली तेव्हा पेरेझ निवडून येतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. ते हरले असते तर तो कागद रद्दीत गेला असता. जिंकले, आणि फिगोच्या गळ्याभोवती फास आवळला गेला.

बार्सिलोनाच्या बाजूची गोष्ट कमी बोलली जाते. त्यांच्याकडेही त्याच दिवसांत निवडणूक होती. जुआन गास्पार्त २३ जुलैला अध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच दिवशी फिगो माद्रिदमध्ये १० नंबरचा शर्ट घेऊन उभा होता. जाणारा अध्यक्ष मोठा करार करू शकत नाही, येणाऱ्याला वेळच मिळाला नाही. तो शर्ट त्याच्या हाती देणारा माणूसही मुद्दाम निवडलेला होता: आल्फ्रेदो दी स्तेफानो, ज्याच्यावरून १९५३ मध्ये याच दोन क्लबांचं भांडण झालं होतं. बार्सिलोनाच्या माणसाला ही जखम किती खोल बसली असेल ते या एका दृश्यातून कळतं.

शिट्टीचा सूर

२१ ऑक्टोबर २०००, फिगो पहिल्यांदा काम्प नोऊवर, बार्सिलोनाच्या मैदानावर, परतला तो दिवस. स्टेडियमची क्षमता तेव्हा ९८,००० च्या आसपास. ‘पेसेतेरो’, म्हणजे पैशाला हपापलेला, असे फलक होते, त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा उधळल्या गेल्या. तो मैदानात उतरताना कानांत बोटं घालतो तो फोटो त्याच दिवसाचा.

लागू काय पडलं? शिट्ट्या. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि शिट्टी नेमकी तिथेच वाजते. ओरडण्याचा गोंगाट मागे सरतो, शिट्टी डोक्यात घुसते. त्यातही पूर्ण ९० मिनिटं वाजवली तर कान सरावतो. चेंडू पायाशी येताच सुरू आणि पास दिला की बंद, हे जास्त त्रासदायक. त्या रात्री हेच झालं. कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) घ्यायला फिगो गेला नाही, ते काम सहकाऱ्यांनी केलं. माद्रिदचा एक चांगला डेड-बॉल, म्हणजे थांबलेला चेंडू मारणारा, पाय प्रेक्षकांनी वापराबाहेर काढला, हा खरा फायदा.

पण श्रेय सगळं स्टँडला देऊ नका. बार्सिलोनाचा बचावपटू कार्लेस पुयोल याला सावलीसारखं फिगोच्या मागे लावलं होतं. गोंगाट आणि माणसाला माणूस मार्किंग एकत्र आले म्हणून विंगर गप्प झाला. निकाल बार्सिलोनाच्या बाजूनं २-०.

उलटी वाट

त्या २-० मधला पहिला गोल लुइस एन्रिकेचा. तो १९९६ मध्ये करार संपल्यावर माद्रिदमधून फुकट बार्सिलोनात आलेला! आणि मायकेल लाउद्रुप १९९४ मध्ये बार्सिलोनातून माद्रिदला गेला. जानेवारी १९९४ मध्ये बार्सिलोनानं माद्रिदला ५-० हरवलं तेव्हा तो बार्सिलोनात होता, पुढच्या जानेवारीत माद्रिदनं ५-० ची परतफेड केली तेव्हा माद्रिदमध्ये. त्याच्यावर फिगोइतका राग निघाला नाही. बार्सिलोनाचे कोच क्रायफ यांच्याशी बिनसलं होतं आणि संघात जागा जात होती, हे लोकांना दिसत होतं. नको असलेला माणूस गेला तर हळहळ होते. फिगोसारखा उपकर्णधार गेला की पाठीत सुरा.

कॉर्नरचा झेंडा

२३ नोव्हेंबर २००२. या वेळी फिगो कॉर्नर घ्यायला गेला आणि सगळं बिघडलं.

कारण मैदानाच्या रचनेत आहे. कॉर्नरला चेंडू एक यार्ड त्रिज्येच्या चापातच ठेवावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याला स्टँडपासून लांब सरकता येत नाही. बचाव करणाऱ्यांना ९.१५ मीटर लांब राहावं लागतं, म्हणजे त्याच्याजवळ कुणी नसतं. एकटा, थांबलेला, पहिल्या रांगांच्या टप्प्यात असलेला खेळाडू. फेकणाऱ्याला याहून सोपं काही नाही. नाणी, लायटर, बाटल्या आणि डुकराच्या पिल्लाचं मुंडकं आलं. रेफ्री मेदिना कांतालेखो यांनी दोन्ही संघ आत पाठवले आणि सुमारे पाव तास खेळ बंद राहिला. मॅच ०-० संपली.

क्लबवर दोन सामन्यांसाठी मैदान बंद ठेवण्याची शिक्षा आली. अपिलांत ती रेंगाळली आणि प्रत्यक्षात आलीच नाही. पण घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर पाव तासाचा खंड पडला तर लय यजमानांची मोडते, आणि पाहुण्यांना पाणी पिऊन बचाव नीट लावायला वेळ मिळतो. शिट्टी आणि फेकाफेक यांत हाच फरक. कितीही राग असला तरी वस्तू फेकण्याची बाजू घेता येत नाही, कुणाचा डोळा जाऊ शकतो.

उत्तर लंडन

सोल कॅम्पबेलचं प्रकरण फिगोपेक्षा वाईट मानतो. टॉटनहॅमच्या युवा संघातून वर आलेला, क्लबचा कर्णधार, जुलै २००१ मध्ये शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला. करार संपलेला होता, त्यामुळे डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालानुसार (करार संपलेला खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकतो) टॉटनहॅमला एक पौंडही मिळाला नाही. बार्सिलोनाला निदान पैसे मिळाले, त्यातून त्यांनी आर्सेनलचेच ओव्हरमार्स आणि पेती आणले. टॉटनहॅमचे हात रिकामे.

१७ नोव्हेंबर २००१ ला टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर ‘जुडास’चे (येशूला दगा देणारा, म्हणजे गद्दार) फलक आणि फुगे होते, मॅच १-१. पहिल्याच मोसमात त्याला लीग आणि एफए कप दोन्ही मिळाले. २००४ मध्ये तर आर्सेनलनं लीग टॉटनहॅमच्याच मैदानावर पक्की केली.

इंग्लंडमध्ये एक काळजी घ्यावी लागते: १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्यानुसार अश्लील किंवा वर्णद्वेषी घोषणा हा गुन्हा आहे. २००८ मध्ये कॅम्पबेल पोर्टस्मथकडून खेळत असताना दिलेल्या घोषणांवरून काही प्रेक्षकांना शिक्षा झाली आणि मैदानबंदीही.

जुना ग्लासगो

घेणाऱ्या क्लबचे चाहतेही भडकतात. १९८९ मध्ये मो जॉन्स्टन रेंजर्समध्ये आला तेव्हा रेंजर्सच्याच काही लोकांनी स्कार्फ जाळले, कारण रेंजर्स हा परंपरेनं प्रोटेस्टंटांचा क्लब, आणि तो कॅथलिक व शहरातल्याच प्रतिस्पर्धी सेल्टिकचा माजी खेळाडू. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सेल्टिकनं ‘परत आला’ म्हणून त्याला पत्रकारांसमोर उभं केलं होतं, म्हणून तेही संतापलेले. नोव्हेंबरमध्ये त्यानं सेल्टिकविरुद्ध शेवटच्या मिनिटांत १-० चा गोल केला आणि रेंजर्सची बाजू बरीच शांत झाली.

फातोर्ड्याची रांग

आपल्याकडचं २०२०. एफसी गोवानं इंडियन सुपर लीगची २०१९-२० ची लीग शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळते) जिंकली आणि त्याच उन्हाळ्यानंतर ह्युगो बूमूस, अहमद जाहूह, मूर्तादा फॉल आणि म्हापश्याचा मंदार राव देसाई मुंबई सिटीत गेले. जानेवारीअखेर गोव्यानं काढलेले कोच सर्जिओ लोबेराही तिथेच गेले. हा एका खेळाडूचा व्यवहार नव्हता, पूर्ण कणाच उचलला. बूमूस त्या मोसमाचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, ११ गोल आणि १० असिस्ट. त्याचा रिलीज क्लॉज मुंबईनं भरला.

कोच आणि त्याची पद्धत ओळखणारे चार जण एकत्र गेले की नवा संघ जमायला लागणारे महिने वाचतात. मुंबईनं पहिल्याच मोसमात शील्ड आणि ट्रॉफी (बाद फेरी जिंकणाऱ्याची) दोन्ही घेतल्या. वाटेत उपांत्य फेरीत गोव्यालाच हरवलं: २-२, ०-०, मग पेनल्टीवर ६-५.

आणि गोव्याच्या चाहत्याला यातलं काहीच करता आलं नाही. कोविडमुळे पूर्ण मोसम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान इथेच झाला, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर. मंदार स्वतःच्या राज्यात, पाहुण्यांच्या शर्टात डाव्या बाजूनं धावत होता आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. वर शिट्ट्यांबद्दल लिहिलंय ते वाचताना हेच आठवत राहिलं. पुढच्या मोसमात बूमूस एटीके मोहन बागानला गेला.