जुन्या फायबरच्या होडीची पहिली दुरुस्ती : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : गंगापूर धरणावरील एका मच्छीमार काकांकडून मी चौदा फुटी जुनी फायबरची होडी घेतली असून ती सध्या नाशिकमध्ये आमच्या अंगणात उलटी ठेवली आहे. तळाला वीतभर तडा आहे आणि मागची फळी दाबल्यास मऊ लागते. हे काम मी प्रथमच करीत आहे. आधी तडा बुजवावा का?

उत्तर १ : तड्याची घाई करू नका. इंजिनाचा सारा भार मागच्या फळीवर येतो, आणि आतले लाकूड पाणी पिऊन कुजले असेल तर वरून कितीही थर चढवले तरी ते टिकत नाहीत. हातोडीने हलके ठोकून पाहा. जेथे बद्द आवाज येईल तो भाग उघडावाच लागेल.

उत्तर २ : तड्याच्या कडा तळाच्या जाडीच्या साधारण १२ पट रुंदीपर्यंत उतरत्या घासा. होडी ज्या पॉलिस्टर रेझिनची (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाची) बनलेली असते, त्या जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायची रेझिन) अधिक घट्ट धरते. मात्र तिच्यासोबत विणलेले काचकापडच घ्या, कारण साध्या मॅटमधील (न विणलेल्या काचतंतूंच्या चटईतील) बंधक, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, बहुधा पॉलिस्टरमधील स्टायरीन या द्रावकानेच विरघळतो. घासताना धुळीचा मास्क अवश्य लावा.

प्रश्नकर्ता : ठोकून पाहिले, फळीचा खालचा अर्धा भाग बद्द वाजतो. उद्या तोच उघडतो.