मुलीचं नाव आरिया ठेवायचंय, अर्थ काय आणि इटलीत कितपत चालतं?

जुळेसोलापूरची_सून: मुलगी झालीय, सव्वा महिन्याची आहे, बारसं पुढच्या रविवारी. नणंद मिलानला असते, ती म्हणते आत्याचा मान माझा, नाव आरिया, इटालियन आहे आणि लै फेमस आहे. सासूबाई कन्नड, त्यांना आधी अर्थ पाहिजे. नेटवर एकीकडं हवा लिहिलंय, एकीकडं गाणं, एकीकडं चक्क सिंहीण. नक्की काय ओ?

शेंगाचटणी: इटालियनमध्ये हवा. एसीला ते आरिया कोंदित्सिओनाता म्हणतात, सोलापूरच्या मे महिन्यात असं नाव म्हणजे पुण्यच की 😀 मलेरिया पण त्यातूनच आलाय, माला आरिया म्हणजे खराब हवा, हे तेवढं सासूबाईंना सांगू नका. सिंह हिब्रूतला, आरी म्हणून शब्द आहे, साइटवाल्यांनी सगळं एकात कालवलंय.

होटगीरोड: फेमस आहे पण इटलीत नाही. तिकडं 2018 ला मुलींत सोफिया आणि मुलांत लिओनार्दो एक नंबरला होते. आरिया वर गेलं ते अमेरिकेत, 2011 ला गेम ऑफ थ्रोन्स ही टीव्ही मालिका लागल्यावर, त्यातल्या आर्या नावाच्या मुलीमुळं पण.

निवृत्त_मास्तर: सूनबाई, इटालियन माणूस हे नाव 'आ' लांबवून जवळजवळ आर्या असंच म्हणतो. ऑपेरात एकट्यानं गायचं गाणं म्हणजे आरिया, आणि आपल्याकडं आर्या म्हणजे वृत्त, 12, 18, 12, 15 मात्रांचं. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव नेल्या त्या रामजोशींनी, ते आपल्या सोलापूरचेच! शिवाय आर्या हे पार्वतीचं नाव. सासूबाईंना एवढं सांगा, हवेचं नंतर बघू.

जुळेसोलापूरची_सून: मास्तर, पार्वती ऐकून सासूबाई एका मिनटात तयार! आता नणंद अडलीय, स्पेलिंगमध्ये आय पाहिजे, वाय टाकला तर इटालियन कसं राहील म्हणते. आणि इकडं घरात सगळे पुट्टी पुट्टीच (कन्नडमध्ये छोटी मुलगी) करतायत.

शेंगाचटणी: जे टाकाल ते सगळीकडं एकच टाका. माझ्या पोरीच्या दाखल्यावर आय आणि आधारवर वाय झालंय, दोन वर्षं हेलपाटे घालतोय बे. दाखल्यात नाव टाकायला वर्षभर फी लागत नाही, नणंदबाईंना भांडू द्या निवांत.