लाँग कोविड: ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला पाळावा का? दिवसाची कामं कशी बेतायची?

पाऊलवाट

वहिनीसाठी विचारतोय. वय ४२, माध्यमिक शाळेत शिक्षिका. कोविड होऊन आठ महिने झाले. थकवा, उभं राहिलं की धडधड, बोलताना मधेच शब्द सापडत नाहीत. एक्स-रे, ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. ‘रोज अर्धा तास चाला, हळूहळू वाढवा’ असं सांगितलंय. चालून येते त्या दिवशी बरी असते, पण तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. स्वयंपाक, आंघोळ, शाळा यांत किती करायचं हे ठरवायचं कसं? पल्स बघून ठरवतात म्हणे, ते काय असतं? ‘विश्रांती घ्या’ सोडून नेमकं सांगा, प्लीज.

कडूनिंब

‘त्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी आडवी’ हीच खूण आहे. याला पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात, थोडक्यात पीईएम. श्रमांचा फटका लगेच बसत नाही, साधारण १२ ते ७२ तासांनी बसतो. श्रम चालण्याचेच हवेत असंही नाही. पेपर तपासणं, तासभर फोन, घरातलं भांडण, सगळं यात धरा.

पीईएम असेल तर ठरवून वाढवत नेलेला व्यायाम उलटतो. एमई/सीएफएस (न हटणाऱ्या, दीर्घ थकव्याचा आजार) हा याच्या अगदी जवळचा. त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांतून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये असा चढता व्यायाम काढून टाकला. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांच्या स्नायूंचे नमुने जोरकस श्रमांच्या आधी आणि नंतर तपासले (२०२४ मध्ये प्रसिद्ध झालं). नंतरच्या नमुन्यांत स्नायूंची इजा वाढलेली होती. तेव्हा ‘सवय गेलीय म्हणून दमते’ एवढ्यावर विषय मिटत नाही. चालणं तूर्त थांबवा.

आधी दोन आठवडे वही ठेवा. काम, किती मिनिटं, बसून की उभ्याने, आणि रात्री ० ते १० मध्ये त्रासाचा आकडा. वाईट दिवस आला की नुसतं कालचं पान नका बघू, परवाचं आणि तेरवाचंही बघा. बहुतेक जण इथेच चुकतात आणि दोष जेवणाला नाहीतर हवेला देतात. ज्या पानांनंतर तीन दिवस आकडा वाढला नाही, तेवढं काम म्हणजे तिची आजची मर्यादा. त्यातलंही साधारण तीन-चतुर्थांशच रोज वापरायचं. बऱ्या दिवशी साठलेली कामं उरकायची नाहीत, कारण सगळ्यात जास्त माणसं बऱ्या दिवशीच पडतात.

पल्सचं असं: सकाळी जाग आल्यावर, उठून बसायच्या आत, पडल्या पडल्या पल्स मोजा. सात दिवसांची सरासरी काढून त्यात १५ मिळवा. सरासरी ७२ आली तर मर्यादा ८७. पल्स त्यावर गेली की काम तिथेच सोडून बसायचं किंवा आडवं व्हायचं, ‘एवढी एक पोळी’ नाही. मनगटावरचं घड्याळ पोळ्या लाटताना, भांडी घासताना हमखास चुकीचं दाखवतं आणि थोडं मागेही असतं. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. बीटा-ब्लॉकर (पल्स कमी ठेवणारं औषध) चालू असेल तर हे गणित लागू नाही.

माजघर

कडूनिंब, सहमत, पण एक भर. उभं राहिल्यावर धडधड होणाऱ्या माणसाची पल्स नुसत्या उभं राहण्यानेच ८७ पार करते. मग दिवसभर ‘मर्यादा ओलांडली’ एवढंच वाचत बसायचं, उपयोग शून्य. आधी उभं राहण्याचा प्रश्न सोडवा.

घरी बघता येतं. दहा मिनिटं आडवं पडून पल्स आणि बीपी घ्या. मग भिंतीला पाठ टेकून, पावलं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभं राहायचं. दहा मिनिटं दर मिनिटाला दोन्ही लिहायचं. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. शेजारी कुणीतरी हवंच, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं. बीपी न पडता पल्स ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर पॉट्सची (उभं राहिलं की पल्स फार वाढण्याचा विकार) शंका. पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर प्रश्न बीपीचा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, नॉर्मल ईसीजीपेक्षा तो जास्त बोलतो. चाचणीचाही थकवा येतो, दुसऱ्या दिवशी शाळा नसेल तेव्हाच करा.

आता ओटा. आपला सगळा स्वयंपाक उभ्याने, आणि वर शेगडीची धग. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायात आणि पोटात साठतं, हृदय जोरात पळतं. नेहमीची खुर्ची ओट्याला बुटकी पडते. ओटा ८५ सेंमीचा असेल तर ६० ते ६५ सेंमी उंचीचं, पाठ आणि पाय ठेवायला आडवी दांडी असलेलं स्टूल घ्या. प्लास्टिकचं डुगडुगतं नको, शेगडीजवळ तर नकोच. खाली ट्रॉल्या असल्याने गुडघे आत जात नाहीत आणि माणूस कंबरेत वाकून काम करतो, तो वेगळाच ताप. एक ट्रॉली बाहेर काढून गुडघ्यांना जागा करता आली तर उत्तम.

पोळ्यांमध्ये सगळ्यात महाग काम म्हणजे कणीक मळणं. खांद्यातून जोर लागतो, हात सतत चालू. ते दुसऱ्याने करावं नाहीतर फूड प्रोसेसरने. लाटायचं जेवणाच्या टेबलाशी बसून, भाजायला घरातलं दुसरं कुणीतरी (पाऊलवाट, तुम्ही धरा तवा). आठवड्यातले तीन दिवस पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणल्याने कुणाचा संसार बुडत नाही. वरण, भात, भाजी कुकरमध्ये एकावर एक डबे लावून एकदम.

आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कढत पाणी बंद. भरलेली बादली उचलायची नाही, नळाखालीच अर्धी भरायची. केस धुण्याचा दिवस वेगळा, त्या दिवशी दुसरं मोठं काम नाही. सकाळी त्रास जास्त असतो, म्हणून आंघोळ संध्याकाळी नेली तर सकाळची शक्ती शाळेला उरते.

पाऊलवाट

तवा धरतो. :) मीठ-पाणी जास्त घ्यावं असं वाचलं, किती? आणि प्राणायाम चालेल का? तिचे संकष्टी-एकादशीचे उपासही असतात.

माजघर

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, विभागून. उठायच्या आधी पलंगावरच दोन पेले. मीठ वाढवणं फक्त पॉट्स नक्की झालं आणि बीपी, किडनी, हृदय ठीक असेल तर, तेही डॉक्टरांनी आकडा दिल्यावर. लोणचं-पापडासकट आपल्या पोटात मीठ आधीच पुष्कळ जातं. ओआरएस घेतलं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. एक लिटरचं पाकीट पेल्यात अंदाजाने टाकू नये, आणि कालवलेलं २४ तासांनी ओतून द्यावं. डब्ल्यूएचओ सूत्राच्या लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, मधुमेह असेल तर विचारून. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

घट्ट मोजे २०–३० mmHg दाबाचे, सकाळी उठायच्या आत चढवायचे. मुंबईच्या मे महिन्यात ते कुणी घालत नाही हेही माहीत आहे. त्यापेक्षा बाळंतिणीला बांधतात तो पोटपट्टा बघा, रक्त पोटातच जास्त साठतं.

निर्जळी उपास नको. साबुदाण्याचं भरपेट ताटही नको, एकदम खूप पिष्ट खाल्लं की जेवणानंतर धडधड वाढते. थोडं थोडं, चार-पाच वेळा.

कडूनिंब

प्राणायामात कपालभाती, भस्त्रिका, कुंभक बंद. पडून, नाकाने सावकाश श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब, पाच मिनिटं. विश्रांतीही अशीच: दमायच्या आधी, ठरल्या वेळी, १५ मिनिटं डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं. मोबाइल बघत पडणं विश्रांतीत धरत नाहीत.

शाळेत सलग तास देऊ नका म्हणावं, मधे एक मोकळा हवा. वर्ग तळमजल्यावर, शिकवणं खुर्चीवर बसून, माइक लावून. पेपर २० मिनिटांच्या गठ्ठ्यांत. वहीतला त्रासाचा आकडा दोन-तीन आठवडे स्थिर राहिला तरच एकच गोष्ट दहा टक्क्यांनी वाढवा. बाकी सगळं होतं तसंच.

हळदीकुंकू

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची साखर) या रक्ततपासण्या झाल्यात का? बी१२ कमी असणं आपल्याकडे फार, आणि थकवा-धडधड त्यानेही होते. सगळं कोविडच्या खात्यावर टाकू नका. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, एकाच पोटरीला सूज, ऑक्सिजन ९४ च्या खाली, यांपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश पुसलेलं. मेंदीनेही आकडा चुकू शकतो.