घरातल्या जुन्या वस्तूंचं रेडिएशन तपासायला मीटर कोणता घ्यावा? (बजेट ३००० रु.)

ऋतुजा_सातारा: नमस्कार मंडळी. साताऱ्याचं घर आवरून आईला पुण्याला आणतेय. माळ्यावरून आजोबांचं मिलिटरीतलं स्विस घड्याळ निघालं. आकडे पूर्वी अंधारात हिरवे चमकायचे, आता तपकिरी पडलेत, काच तडकलीये. माझा पाच वर्षांचा मुलगा ते सारखं कानाला लावतो. शिवाय गॅसबत्ती आणि तिच्या मेंटलची (पेटवल्यावर उजेड देणाऱ्या कापडी जाळीची) दहाबारा पाकिटं. पण खरी काळजी आईच्या गळ्यातल्या काळ्या 'एनर्जी पेंडंट'ची. मामाने गुडघेदुखीवर म्हणून दोन वर्षांपूर्वी दिलं, झोपतानाही काढत नाही. असल्या पेंडंटमध्ये किरणोत्सारी पूड असते असं वाचलं. तीन हजारांत घरी तपासता येईल असं मीटर सुचवा.

पिंपरीकर७२: मी ऑनलाइन १८०० ला घेतलं. मायक्रोवेव्हजवळ नेलं की लाल दिवा लागतो, वायफायजवळ शिट्टी वाजते. दोन वर्षं झाली, एकदम मस्त चालतंय. डोळे झाकून घ्या.

किरण_लॅब: थांबा, ते घेऊ नका. वायफायजवळ वाजतं ते विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र. थोरियमच्या, म्हणजे किरणोत्सारी धातूच्या, ढिगावर ठेवलंत तरी गप्प बसेल. तुम्हाला किरणोत्साराचे ठोके मोजणारा गायगर काउंटर लागेल, आणि बरा हवा तर आठ-दहा हजारांच्या खाली मिळत नाही.

पिंपरीकर७२: माझ्या डब्यावर 'रेडिएशन टेस्टर' असं स्वच्छ छापलंय. आणि त्यांचं बजेट तीन हजार आहे, वाचलंत का?

सह्याद्री_भटक्या: घ्यायचं तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेलं घ्या. माझं परदेशातून मागवलंय, कस्टमसकट पंचेचाळीस हजार पडले, पण अल्फा कणसुद्धा पकडतं. जुन्या बाजारातून आणलेली हिरवी काचेची वाटी युरेनियमची आहे हे त्यानेच सांगितलं.

रेडियमवाला_सांगली: ताई, घाबरू नका. माझं रेडियम कटिंगचं दुकान आहे, वीस वर्षं नंबर प्लेटी नि गाड्यांवरची नावं कापतोय. घड्याळाच्या आकड्यांतल्या रेडियमने काही होत नाही.

किरण_लॅब: दादा, तुमच्या शीटमध्ये रेडियम नसतंच. ती प्रकाश परत फेकणारी फिल्म, नाव तेवढं मागं राहिलंय. मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात त्या चांदण्यांतही नसतं. ऋतुजाताईंच्या घड्याळात मात्र खरं असण्याची दाट शक्यता आहे. साधारण १९६० पर्यंत घड्याळाच्या तबकडीला रेडियमचा रंग लावत. तो चकाकेनासा झाला म्हणजे रेडियम संपलं असं नाही. त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड खराब होतं, रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. अमेरिकेत १९१७ नंतर तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. कित्येकींचे जबडे सडले, काही दगावल्या. काच शाबूत असलेलं घड्याळ कपाटात असेल तर घाबरायचं कारण नाही, पण तडकलेल्या काचेतून रंगाची पूड गळते. मुलाच्या हातातून ते आजच काढून घ्या.

ऋतुजा_सातारा: काढून घेतलं. हात धुतले. तबकडीवर खाली फक्त 'स्विस मेड' आहे.

किरण_लॅब: त्या शब्दांच्या आजूबाजूला 'टी' अक्षर असतं तर चमकणारा रंग ट्रिटियमचा म्हणता आलं असतं, ते सौम्य. नाही, म्हणजे रेडियम धरूनच चाला. उघडू नका, घड्याळजीला तबकडी खरवडायला देऊ नका. झिपच्या पिशवीत, डब्यात, झोपायच्या खोलीबाहेर.

वेल्डर_भोसरी: आमच्याकडे टिग वेल्डिंगला लाल टोकाचे टंगस्टन रॉड असतात, त्यात दोन टक्के थोरियम. ग्राइंडरवर टोक काढताना धूळ नाकात जाते. मी सहा वर्षं मास्कशिवाय काम केलं, कोणी सांगितलंच नाही. आता निळ्या टोकाचे आणतो, त्यात थोरियम नाही, आर्क तितकाच चांगला बसतो. घरात कोणी टिग वेल्डिंग करत असेल तर सांगा त्याला.

मंडपवाले_वाई: आमच्या वडिलांचा वरातीला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा धंदा होता. मेंटल बांधायचं, जाळायचं, पांढरी जाळी उरली की पंप मारायचा. जुनी जाळी फुटली की राख तोंडाने फुंकून टाकायचो आणि त्याच हाताने भाकरी खायचो. हे असलं काही ऐकलं नव्हतं.

किरण_लॅब: राखेचाच धोका असतो. मेंटलच्या कापडाला थोरियम नायट्रेट लावलेलं असतं, पहिल्यांदा जाळलं की थोरियम ऑक्साइडची जाळी उरते. पाकिटात आहे तोवर ठीक, श्वासातून आत जाऊ नये. दार उघडं ठेवून जाळावं, राख ओल्या फडक्याने उचलावी. हल्ली यट्रियमची, विनाथोरियमची मेंटलंही येतात.

पिंपरीकर७२: मग मोबाइल टॉवरचं काय? आमच्या सोसायटीवर तीन आहेत.

संध्या_डोंबिवली: टॉवरचा वेगळा धागा काढा हो. ऋतुजा, मीही फसलेय. साखळी पद्धतीच्या मीटिंगमध्ये मैत्रिणीने असंच पेंडंट घ्यायला लावलं, साडेचार हजार गेले. ग्लासातल्या पाण्यावर फिरवून 'ऊर्जा' दाखवली होती. 'निगेटिव्ह आयन' (विद्युतभार असलेले कण) सोडतं म्हणे.

किरण_लॅब: आयन सोडतं हे खरं असू शकतं! मोनाझाइटसारख्या खनिजाची पूड मिसळली की त्यातल्या थोरियममुळेच हवेत आयन तयार होतात. म्हणजे जाहिरातीत जो गुण तोच धोका. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशी दहा उत्पादनं विकायला बंदी केली. पेंडंट होते, डोळ्यांवरची पट्टी होती, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा होतं. सतत अंगावर राहिलं तर त्वचेला इजा होऊ शकते, म्हणून लगेच काढून ठेवा असं त्यांनी लोकांना सांगितलं. मीटरची गरजच नाही, ताई. पेंडंट काढा, विषय संपला.

सह्याद्री_भटक्या: +१. पैसे वाचवा. घड्याळ भंगारात द्या.

किरण_लॅब: भंगारात अजिबात नको! २०१० साली दिल्ली विद्यापीठाचं किरणोत्सारी कोबाल्ट-६०चं जुनं यंत्र भंगारात गेलं, मायापुरीत एकाचा जीव गेला. तो स्रोत फार तीव्र होता, घड्याळाशी तुलना नाही, पण वाट तीच. आपल्याकडे हे नियम पाहणारी संस्था म्हणजे मुंबईतल्या अणुशक्तीनगरची एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), त्यांना लिहून विचारा.

ऋतुजा_सातारा: सगळ्यांचे आभार. तरी मी मीटर घेतेय. बहिणीने निम्मे घातले, नऊ हजारांचं मागवलं. आईला तीनदा सांगून पाहिलं. 'भावाने दिलंय, तो माझं वाईट करेल का?' एवढंच म्हणते. मामाही तिला फसवत नव्हता, त्याच्याही गळ्यात तेच आहे. माझ्या शब्दाने ती काढणार नाही, आकडा बघून कदाचित काढेल. घड्याळही टाकणार नाही, डब्यात राहील.

किरण_लॅब: मग मीटरवरच्या मायक्रोसीव्हर्टच्या (शरीराला बसणाऱ्या डोसाच्या) आकड्यावर जाऊ नका, अशा वस्तूंपाशी तो फसवतो. आधी रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं मिनिटाला ठोके किती ते मोजा, मग पेंडंटवर तेवढाच वेळ. दोन्ही आईंच्या समोर.

ऋतुजा_सातारा (नऊ दिवसांनी): स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजलं. नुसतं टेबल, मिनिटाला सरासरी २१. पेंडंट खाली ठेवलं तर ३४०. आईने स्वतः शेजारी मिठाची बरणी ठेवून पाहिली, मग मंगळसूत्र, मग पुन्हा पेंडंट. यंत्र कडकडायला लागलं तशी थोडा वेळ गप्प बसली. 'भावाला फोन मीच करते,' म्हणाली.

संध्या_डोंबिवली: मीटर कुठून घेतलंस? माझं पेंडंट मी सासऱ्यांना दिलं होतं.