मदत हवी आहे: नायट्रोजन भरलेल्या रुबिडियम सेलची रेषा अपेक्षेच्या दुप्पट रुंद येते

काचनळी
रुबिडियमची ७८० नॅनोमीटरची डी२ रेषा (रुबिडियम अणू शोषतो तो ठरावीक रंग) टक्करींमुळे किती रुंदावते ते मोजायचं आहे. सेल (बाष्प भरलेली बंद काचनळी) ७५ मिमी लांब, नैसर्गिक रुबिडियम, आत १० टॉर (दाबाचं एकक) नायट्रोजन (२० अंश सेल्सिअसला भरलेला). सेल ५० अंशांवर ठेवला आहे. बाह्य पोकळीचा डायोड लेझर, झोत २ मिमी व्यासाचा, सेलमध्ये शिरणारी शक्ती १ मिलिवॅट. सगळ्यांत खोल खळग्याला (रुबिडियम-८५, एफ=३ ही तळाची हायपरफाइन उपपातळी) एक व्हॉइट वक्र बसवला, जो अणूंच्या वेगामुळे येणारी डॉप्लर रुंदी आणि टक्करींमुळे येणारी लॉरेंझ रुंदी एकत्र धरतो. डॉप्लर रुंदी तापमानावरून पक्की धरली. लॉरेंझ भागाची पूर्ण रुंदी ४१० मेगाहर्ट्‌झ येते. छापील गुणांक टॉरमागे १८.३ मेगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे १८३ यायला हवी.
खळग्याचा तळ ३ टक्क्यांवर सपाट आहे. शिवाय संतृप्त शोषणाच्या खाचा (उलट दिशेने परतवलेल्या झोतामुळे खळग्यात दिसणाऱ्या अरुंद रेषा) या सेलमध्ये अजिबात दिसत नाहीत, निर्वात सेलमध्ये स्वच्छ दिसतात. सेल खराब असेल का?

मंदझोत
सेल ठीक दिसतो. तुमचा सपाट तळच सगळं सांगतोय.

५० अंशांना रुबिडियमच्या बाष्पाची घनता २५ अंशांच्या सुमारे ११-१२ पट होते. ७५ मिमी लांबीत रेषेच्या मध्यावर प्रकाश जवळजवळ उरतच नाही. मग जे ३ टक्के दिसतात ते रेषेतून आलेले नाहीत. ती फोटोडायोडची अंधारातली पातळी आहे, किंवा डायोडमधून निघणारा विस्तृत पट्ट्याचा उत्स्फूर्त प्रकाश, जो रुबिडियम शोषत नाही. तो खरा धरून लॉगॅरिदम घेतलात की शिखर कापलं जातं, आणि कापलेलं शिखर रुंद दिसतं. रुंदीकरण मोजायला सेल तापवायची गरज नाही. २५ ते ३० अंशांवर या.

शून्य पातळी मात्र तापवूनच मोजा: सेल ८० अंशांवर न्या, लेझर ८५ एफ=३ च्या मध्यावर थांबवा, डिटेक्टरवर जे उरेल ते प्रत्येक नोंदीतून वजा करा. (खिडक्या सेलच्या मधल्या भागापेक्षा थोड्या गरम ठेवा, नाहीतर काचेवर धातू बसतो.)

दुसरी चूक शक्तीची. २ मिमी झोतात १ मिलिवॅट म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ मिलिवॅट. संतृप्ती तीव्रता (जिच्या आसपास शोषण घटू लागतं) १.६७ आहे. त्यातही बफर वायूचा (इथे नायट्रोजनचा) सेल निर्वात सेलपेक्षा नाजूक. निर्वातात अणू काही मायक्रोसेकंदांत झोत ओलांडून जातो. १० टॉर नायट्रोजनमध्ये तो विसरणाने सरकतो, त्याला मिलिसेकंदाच्या दर्जाचा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तो दुसऱ्या हायपरफाइन पातळीत ढकलला जातो. झोत ५ मिमीपर्यंत रुंद करा, शक्ती ०.१ मायक्रोवॅटवर आणा. मग शक्ती निम्मी करून पाहा: शोषणाचं क्षेत्रफळ बदललं तर अजून जास्त आहे. एवढ्या कमी प्रकाशाला १० मेगाओहमचा रोध लागेल आणि डिटेक्टर मंद होईल, म्हणून स्कॅन सेकंदाला एक ठेवा. वेगात फिरवलात तर रेषा एका बाजूला ओढली जाते आणि ते टक्करींमुळे रेषा सरकल्यासारखं वाटतं.

वर्णपट
मंदझोत यांच्याशी सहमत. पण १८३ ही अपेक्षाच चूक आहे. १८.३ हा गुणांक ३९४ केल्विनचा आहे. बंद सेलमध्ये नायट्रोजनची घनता बदलत नाही, दाब बदलतो. व्हॅन डर वाल्स बल (अणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण) धरलं तर टॉरमागचा गुणांक तापमानाच्या −०.७ घातानुसार जातो. २७ अंशांना दाब १०.२ टॉर, गुणांक सुमारे २२, म्हणजे २२७ मेगाहर्ट्‌झ. रेषा लाल बाजूला ६० ते ७० मेगाहर्ट्‌झ सरकलेली मिळावी.

एका खळग्याला एक व्हॉइट चालणार नाही. ८५ एफ=३ मध्ये तीन घटक आहेत, वरच्या पातळ्यांमधली अंतरं ६३ आणि १२१ मेगाहर्ट्‌झ. डॉप्लर रुंदी पक्की केल्यावर हा पसारा लॉरेंझच्या खात्यात जातो. शिवाय १.१ गिगाहर्ट्‌झ खाली रुबिडियम-८७ चा एफ=२ खळगा आहे, त्याचे पंख यात मिसळतात. दोन्ही समस्थानिकांचे बारा घटक एकत्र बसवा: बळांची गुणोत्तरं आणि अंतरं पक्की, लॉरेंझ रुंदी, सरकणं आणि घनता सगळ्यांना सामाईक, वर सरळ पार्श्वरेषा.

सायपायचं (पायथनमधला गणिती संच) व्हॉइट फंक्शन गॅमा म्हणून अर्धी रुंदी घेतं आणि सिग्मा म्हणून प्रमाण विचलन. २२७ च्या जागी तिथे ११३.५ यायला हवं. ८७ साठी सिग्मा २१७ मेगाहर्ट्‌झ, पूर्ण रुंदी ५११ नव्हे. इथे फार जण अडकतात.

खाचांबद्दल: टक्कर झाली की अणूचा वेग बदलतो, एका वेगगटात पाडलेलं भोक सगळ्या डॉप्लर वाटपात पसरतं. त्यातून भोक स्वतःच दोनशेच्या वर मेगाहर्ट्‌झ रुंद. त्या दिसणारच नाहीत. निर्वात सेल समांतर झोतात ठेवा, त्याच्या खाचांवरून वारंवारतेचं शून्य घ्या. लेझरची वारंवारता फिरवणाऱ्या पीझोचा वाकडेपणा एटालॉनच्या (दोन समांतर परावर्तक पृष्ठभागांच्या) समान अंतराच्या पट्ट्यांनी सरळ करा.

काचनळी
डिके संकोचनासाठी (वारंवार टक्करींमुळे डॉप्लर रुंदी घटणं) ते धरणारा गॅलाट्री वक्र घ्यावा का?

वर्णपट
इथे नको. १० टॉरला दोन टक्करींमधलं अंतर काही मायक्रोमीटर, तरंगलांबी भागिले २π फक्त ०.१२ मायक्रोमीटर. अणू टक्करीआधीच कितीतरी तरंग ओलांडतो. ६.८ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मतरंग रेषेला तरंगलांबी ४.४ सेंटिमीटर, तिथे संकोचन पुरेपूर होतं. रुबिडियम घड्याळात बफर वायू घालण्याचं ते एक मोठं कारण.

काचनळी
२७ अंश, ०.१ मायक्रोवॅट, बारा घटक. रुंदी २३६, सरकणं −६८ मेगाहर्ट्‌झ. मोजमाप आणि बसवलेला वक्र यांच्यातल्या उरलेल्या फरकात डब्ल्यू आकार दिसत नाही. २२७ आणि २३६ मधला फरक दाबाचा की गुणांकाचा?

मंदझोत
छान बसलं. भरतानाचा दाब ४ टक्के जास्त असेल तरी एवढा फरक पडतो. त्याच सेलवर डी१ (७९५ नॅनोमीटर) मोजा, त्यासाठी वेगळा डायोड लागेल. तिथे ३९४ केल्विनला टॉरमागे रुंदी १६.३, सरकणं −८.२५. ८७ च्या वरच्या दोन पातळ्या सुमारे ८१५ मेगाहर्ट्‌झ लांब असल्याने फिटही सोपा. दोन्ही रेषांच्या रुंदीवरून निघणारा भरतानाचा (२० अंशांचा) दाब १०.४ च्या आसपास जुळला तर वायू जास्त भरलेला आहे. डी१ वरून १०.० आला तर तापमानाचा घात डी२ साठी पुन्हा तपासा, त्यासाठी २५ ते ४५ अंशांत चार-पाच नोंदी घ्या.